आहार, आतड्यातील जीवाणू आणि आपले आरोग्य

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. तो आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडलेला होता. विहारातून फिरत असताना तथागतांना तो दिसला. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. नंतर तथागतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. व्याख्यानांतून या प्रसंगाचा उत्तरार्ध, म्हणजे सेवेचा भाग, नेहमी सांगितला जातो. परंतु त्या भिक्खूला झाले काय होते, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याला पोटाचा विकार होता. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसाला लोळविणारे जे दुखणे, तेच आजही आपल्या घरोघरी आहे. कोणाला गॅस, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला आंबट ढेकर, तर कोणाला वारंवार संडास. फरक एवढाच की आज आपण ते लपवून गोळीवर दिवस काढतो.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहे. परंतु दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पोटाचा अभ्यास आपोआपच करावा लागतो. गेली काही वर्षे स्वतःच्या त्रासापायी जे वाचले आणि पडताळून पाहिले, ते समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पोटात चालते काय?

आपण घास चावतो तेथूनच पचन सुरू होते. लाळेत पिष्टाचे विघटन होते, जठरातील तीव्र आम्लात अन्न घुसळले जाते व बरेचसे रोगजंतू मरतात. पुढे लहान आतड्यात पित्त व स्वादुपिंडाचे रस मिसळतात. साखर, प्रथिने व स्निग्ध पदार्थ रक्तात शोषले जातात. शाळेच्या पुस्तकात धडा येथे जवळजवळ संपत असे. मोठे आतडे म्हणजे पाणी शोषून घेणारी आणि उरलेला गाळ बाहेर टाकणारी नळी, एवढीच त्याची ओळख आम्हाला करून दिली होती.

ही ओळख अपुरी होती. सुमारे दीड मीटर लांबीच्या या मोठ्या आतड्यात जीवाणूंची दाट वस्ती असते. २०१६ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी या संख्येचा नव्याने हिशेब मांडला. एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. शरीराच्या स्वतःच्या पेशीही जवळपास तेवढ्याच. (पूर्वी "एका पेशीमागे दहा जीवाणू" असे सर्रास छापले जाई. तो आकडा कोणीतरी अंदाजाने लिहिला आणि बाकीच्यांनी पडताळून न पाहता उतरवून घेतला. बँकेत असे केले तर नोकरी जाईल.) या सर्व जीवाणूंचे एकत्र वजन मात्र पाव किलोच्या आतच भरते.

जीवाणू म्हटले की आपल्याला पटकी, विषमज्वर, क्षय आठवतात, आणि ते साहजिकही आहे. आपल्या वस्त्यांनी हे रोग फार जवळून पाहिले आहेत. परंतु आतड्यातील बहुसंख्य जीवाणू रोग करीत नाहीत, उलट कामे करतात. आपण जे पचवू शकत नाही ते ते पचवितात. क जीवनसत्त्व नव्हे, पण के जीवनसत्त्व व ब गटातील काही जीवनसत्त्वे तयार करतात. घातक जंतूंना जागा व अन्न मिळू देत नाहीत. आपल्या प्रतिकारशक्तीला आपले कोण व परके कोण हे ओळखण्याचे वळण लावण्यातही त्यांचा वाटा असतो.

मग हे जीवाणू खातात काय? येथेच आहाराचा संबंध येतो. आपण खाल्लेली साखर, तेल, मऊ पिष्ट हे लहान आतड्यातच संपून जाते. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः चोथा, म्हणजे धान्याची साल, डाळींचे टरफल, पालेभाज्यांचे धागे. हा चोथा पचविणारे रस मानवी शरीर तयारच करीत नाही. जीवाणू तो आंबवितात, आणि त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. म्हणजे आतड्याचे अस्तर रक्तातून येणाऱ्या अन्नापेक्षा जीवाणूंनी तयार करून दिलेल्या अन्नावर अधिक जगते. चोथा मिळाला नाही तर? २०१६ साली उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात असे दिसले की चोथ्यावाचून उपाशी राहिलेले जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्माचा थरच खाऊ लागतात. तो थर पातळ झाला की रोगजंतूंना वाट मिळते. माणसाच्या बाबतीत सर्व काही उंदरासारखेच घडते असे नाही, तरीही ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आंबविण्याच्या या क्रियेत वायूही तयार होतो. तेव्हा थोडा वायू सरणे हा आजार नव्हे, आतले कामगार कामावर असल्याची ती खूण आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे डाळी-उसळी सोडल्या आहेत, त्यांनी एकदम वाटीभर हरभरे खाल्ले तर पोट फुगणारच. अशा माणसाने मूठभरापासून सुरुवात करावी, धान्य भिजवून-मोड आणून शिजवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. दोन-तीन आठवड्यांत पोट पुष्कळदा जुळवून घेते.

थोडा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान २५ ग्रॅम चोथा असावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या, गिरणीत घासलेल्या तांदळात चोथा तीन ग्रॅमही भरत नाही. न घासलेल्या तांदळात तो साडेचार ग्रॅमच्या जवळ जातो. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी व नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, तर अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५ ग्रॅम असतो.

आता आपला गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. केवळ पांढऱ्या भातावर २५ ग्रॅम चोथा मिळवायचा म्हटले तर दिवसाला जवळपास ९०० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजवून खावा लागेल! उलट दोन ज्वारीच्या भाकरी, मूठभर हरभऱ्याची उसळ आणि एक वाटी पालेभाजी घेतली की निम्म्याहून अधिक काम होते, आणि भात खायला जागाही उरते. भात सोडा असे येथे कोणीही सांगत नाही. सांगितले तर ऐकणार कोण? प्रश्न भाताचा नाही, भाताशेजारून जे नाहीसे झाले त्याचा आहे.

भारतीय आतड्याचा अभ्यास

हे सगळे परदेशी माणसांवरचे संशोधन असेल, असे कोणी म्हणेल. तसे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जीवाणूंवर पुष्कळ काम केले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्या तपासल्या होत्या. एकाच छताखाली राहणाऱ्या आजोबा, मुलगा व नातू यांच्या आतड्यातील जीवाणूंचे प्रमाणही वयानुसार बदलते, आणि हा बदल पाश्चात्य देशांत नोंदविला गेला तसाच असतो असे नाही, असे त्यांना दिसले. एकत्र कुटुंबाचा असाही उपयोग होतो हे वाचून मौज वाटली. त्याच केंद्राच्या २०१६ मधील अभ्यासात निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रेवोटेला व मेगास्फेरा या दोन गटांतील जीवाणू विशेष प्रमाणात आढळले. प्रेवोटेला हा जीवाणू धान्य, डाळी, पालेभाज्या अशा वनस्पतिजन्य आहारावर वाढतो. २०१९ साली भोपाळच्या संशोधकांनी भोपाळ व केरळ येथील ११० लोकांची तुलना केली, तेव्हाही वनस्पतिजन्य आहार अधिक असलेल्या भोपाळच्या लोकांत प्रेवोटेला अधिक दिसला.

म्हणजे आपल्या पूर्वजांच्या ताटानुसार आपल्या आतड्यातील वस्ती वसलेली आहे. हे ताट बदलले तर? २०१८ साली अमेरिकेत एक महत्त्वाचा अभ्यास झाला. थायलंडमधून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या हमोंग व कारेन या समाजांच्या लोकांचे जीवाणू तपासले गेले. देश सोडल्यापासून काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य घटू लागले होते. प्रेवोटेला मागे पडला, चोथा पचविण्याची क्षमता कमी झाली, आणि तेथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीत हा बदल आणखी ठळक होता. लठ्ठपणाही वाढलेला होता. आपली मुले शिकायला व नोकरीला नागपूर-पुण्याला जातात, खोली करून राहतात, आणि रात्री पाव, मैद्याचे नूडल्स किंवा पुडीतले चटपटीत काही खाऊन झोपतात. अमेरिकेइतके दूर जाण्याची गरजच नाही.

आपले ताट व त्यामागची लाज

आता जरा अवघड विषयाकडे वळतो.

माझे बालपण अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात गेले. आई रोवणीच्या हंगामात दुसऱ्यांच्या बांधीत जायची. सकाळी आमच्यापुढे काय असायचे? रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेले गाडगे, त्यात मीठ, कांदा, हिरवी मिरची. उन्हाळ्यात आंबील. कनकीची पेज. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, कुड्याच्या फुलांची भाजी, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. अंबाडी, मुनग्याचा पाला, जवसाची चटणी, धान निघाल्यावर बांधीतच पेरलेली लाखोळी, हरभरा. मामा तलावातली बारीक मासळी व शिंगाडे. आम्ही याला गरिबीचे जेवण म्हणत असू, आणि ते गरिबीचे होतेच.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत एकदा आईने डब्यात भाकर आणि अंबाडीची भाजी दिली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. बाकीच्यांच्या डब्यात पांढऱ्याशुभ्र पोळ्या, पनीर, बासमती. मी बाहेर जाऊन कचोरी खाऊन आलो. संध्याकाळी भाकर गाईला घातली आणि आईला सांगितले की डबा छान होता. पुढे पंधरा-सोळा वर्षे मी पांढरा भात, मैद्याची बिस्किटे, गोड चहा आणि कॅन्टीनचा नाश्ता यांवर काढली. चाळिशीच्या आत रोज सकाळी उपाशीपोटी अम्लपित्ताची गोळी घेतल्याशिवाय दिवस सुरू होईना. गोळी कोणी लिहून दिली होती, किती दिवसांसाठी दिली होती, हे विसरूनही वर्षे झाली होती.

ही केवळ माझी कथा नसावी म्हणून लिहितो. आपल्या समाजात जुन्या अन्नाविषयी जी लाज आहे तिला इतिहास आहे आणि तो इतिहास खरा आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना निक्षून सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांसाठी दारोदार जाणे सोडा. त्या आवाहनाने समाज उभा राहिला. ज्या अन्नाबरोबर अपमान येतो ते अन्न नाकारणे हा स्वाभिमानाचा पहिला धडा होता आणि त्यात कोणतीही तडजोड नाही. लेखक शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्ण ब्रह्म" या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीचा जो धांडोळा घेतला आहे, तो वाचताना अन्न आणि जात यांची गाठ किती घट्ट होती हे कळते.

परंतु एक फरक आपण करायला हवा होता व तो आपण केला नाही. दुसऱ्याच्या दारचे उष्टे वेगळे, आणि आपल्या घामाच्या धानाचा, आपल्याच चुलीवरचा, आपल्याच गाडग्यात रात्रभर आंबविलेला भात वेगळा. तरोटा, अंबाडी, ज्वारी यांत कोणाचे उपकार नव्हते. ते आपल्या आया-बहिणींचे ज्ञान होते. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात खावी, कोणती दोनदा उकळून पाणी फेकावे, हे त्यांना पाठ होते. उष्टे फेकता फेकता आपण हेही फेकून दिले, आणि जे रिकामे झाले तेथे बाजाराने पुडी आणून ठेवली.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने, असाही नव्हे. जुन्या काळात पोटभर मिळत नव्हते. नदी-नाल्याचे पाणी पिऊन लेकरे हगवणीने जात. ज्या दुष्काळात केवळ लाखोळीवर दिवस काढावे लागले तेथे माणसांचे पाय लुळे पडले. लाखोळी इतर धान्याबरोबर थोडी खाणे व तिच्यावरच जगणे यांत महदंतर आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली १ जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवर धान्य मोफत मिळू लागले, त्याने उपासमारीला आळा बसतो ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र ताटात फक्त रेशनचा तांदूळ आणि पातळ वरण एवढेच राहिले, तर पोट भरते व जीवाणू उपाशी राहतात.

पेज, आंबील आणि शिळा भात

पेजेचा उल्लेख खुद्द विनयपिटकात आहे हे अनेकांना ठाऊक नसेल. महावग्गातील भैषज्याच्या भागात अंधकविंद गावच्या एका ब्राह्मणाची कथा येते. संघाला दान देण्याची आपली पाळी येईना म्हणून तो थकला होता. भोजनशाळेत काय नाही ते पाहावे म्हणून तो गेला, तर तेथे पेज व मधाचे लाडू नव्हते. तेच त्याने तयार करून आणले. त्या प्रसंगी तथागतांनी पेजेचे दहा गुण सांगितले. त्यांत आयुष्य, वर्ण, सुख, बळ यांबरोबर ती भूक व तहान भागविते, वायू खाली सरकविते, मूत्राशय साफ ठेवते आणि न पचलेले अन्न पचविते, असे गुण येतात. दहातील निम्मे गुण पोटाशी संबंधित आहेत. ज्या पेजेला आपण गरिबीची खूण समजलो, तिला भिक्खुसंघाच्या नियमग्रंथात औषधाच्या प्रकरणात जागा आहे.

शिळ्या भाताविषयी विज्ञान काय म्हणते? भात शिजून गार झाला की त्यातील थोड्या पिष्टाची घडण बदलते व ते लहान आतड्यात पचत नाही, चोथ्याप्रमाणे मोठ्या आतड्यात जाते. दहा-बारा तास गार झालेल्या भातात अशा पिष्टाचे प्रमाण ताज्या भाताच्या जवळपास दुप्पट भरते. मात्र दुप्पट म्हणजेही १०० ग्रॅमला एक-सव्वा ग्रॅमच. तेव्हा शिळ्या भाताने सगळे रोग बरे होतात असे जे कोणी सांगेल त्यावर विश्वास ठेवू नये. पाण्यात ठेवलेल्या भातात रात्रीतून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, त्यानेच तो किंचित आंबट लागतो. दही, ताक, आंबील, इडली यांतही हेच कुटुंब काम करते. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये याच भाताला बोरे-बासी म्हणतात. २०२२ साली तेथील तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी १ मे या कामगारदिनी सर्वांनी बासी खावी असे आवाहन केले, आणि अधिकारीही पंगतीला बसले. गोंदियापासून छत्तीसगडची सीमा किती लांब आहे ते सांगायला नको!

सावधगिरी मात्र हवी. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास झाकून ठेवला तर त्यात उलटी-जुलाब करणारे जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात लवकर गार करावा, भांडे स्वच्छ असावे, पाणी उकळून गार केलेले घालावे, आणि सकाळीच खाऊन संपवावा. मे महिन्याच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवू नये. वास किंवा चिकटपणा आला तर फेकून द्यावा. लहान बाळांना व आजारी माणसांना तो देऊ नये, त्यांना ताजी पेज द्यावी.

औषधांचा अतिरेक

माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून आल्यावर जुलाब सुरू झाले. डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानात गेलो व त्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून बंद केल्या. आठवड्याने पुन्हा तसेच, पुन्हा दुसऱ्या गोळ्या. असे तीनदा झाले. त्यानंतर सहा-सात महिने पोट ठिकाणावर नव्हते. दूध प्यालो की गुरगुर, उसळ खाल्ली की कळ. नागपूरच्या एका डॉक्टरांनी शेवटी समजावून सांगितले की शेतातील तण मारायला औषध फवारले आणि पीकही जळाले, तशातला हा प्रकार आहे.

अँटिबायोटिक हे जीव वाचविणारे औषध आहे. विषमज्वरात, न्यूमोनियात ते घ्यावेच लागते व सांगितले तितके दिवस घ्यावे लागते. परंतु ते चांगल्या-वाईट जीवाणूंत फरक करीत नाही. साध्या जुलाबांत बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. गरज असते ती मीठ-साखर-पाण्याची. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ, साखर व सोड्याचे मिश्रण पाण्यात घालून पाजण्यास दिले आणि पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. ही क्षारसंजीवनीची पुडी आरोग्य उपकेंद्रात व आशाताईंकडे मिळते. तिची किंमत नाही म्हणून तिला किंमत देत नाहीत, हे आपले दुर्दैव.

रोज-रोज घेतल्या जाणाऱ्या आम्लनाशक गोळ्यांचेही तसेच. जठरातील आम्ल हे जंतूंना अडविणारे फाटक आहे. ते वर्षानुवर्षे उघडे ठेवले तर नको ते आत शिरते. डॉक्टरांनी ठराविक आजारासाठी दिली असल्यास ती घ्यावी, मनाने सुरू करू नये व मनाने बंदही करू नये. आणि ज्यांना खर्ऱ्याची सवय आहे त्यांच्या पोटाविषयी काय लिहावे? तोंडच उघडेनासे झाल्यावर भाकर चावायची कशी? आपल्या वस्त्यांतील कित्येक तरुणांना आज हिरवी मिरचीही सोसवत नाही, आणि त्याचे कारण पोटात नाही, गालात आहे.

लेकरांविषयी

बाळ जन्मताना आईकडून जीवाणूंचा पहिला वारसा घेऊन येते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातील बिफिडो जातीच्या उपकारक जीवाणूंसाठी असतात. निसर्गाने बाळाबरोबर त्याच्या जीवाणूंचेही ताट वाढले आहे! म्हणून पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध. मध, घुटी, वरचे पाणी काही नाही. पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होत जाते.

कुपोषित बालकात ती तशी होत नाही. २०१४ साली ढाक्यातील मुलांच्या अभ्यासात दिसले की तीव्र कुपोषित मुलाच्या आतड्यातील जीवाणू त्याच्या वयापेक्षा लहान, अपक्व राहतात. त्यामुळे नुसते अन्न वाढवूनही मूल पुरते सावरत नाही. मग २०२१ साली तेथेच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जीवाणूंना पोसेल असे पूरक अन्न मुलांना तीन महिने दिले गेले. त्यात काय होते? हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणा आणि कच्चे केळे. नेहमीच्या अधिक उष्मांकाच्या पूरक अन्नापेक्षा या अन्नावर मुलांचे वजन चांगले वाढले. या चारपैकी एकही वस्तू अशी नाही की जी गोंदियाच्या बाजारात मिळत नाही.

ओडिशाच्या ग्रामीण भागातील साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. आंबविलेल्या भाज्यांत आढळणारा एक लॅक्टिक आम्लाचा जीवाणू व त्याचे खाद्य काही दिवस दिल्याने जंतुदोष व मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालील, मोजून दिलेल्या औषधाचा प्रयोग होता. त्यावरून घरी तान्ह्या बाळाला ताक पाजायला कोणी निघू नये.

पोटाचे प्रमाण

खावे काय हे सांगितले, किती खावे हेही तथागतांनी सांगून ठेवले आहे. संयुत्तनिकायात कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आल्याची कथा आहे. तथागतांनी मिताहाराविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली, रोज जेवताना म्हणण्यासाठी दिवसाला शंभर कार्षापण मान्य केले, आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले तेव्हा तो स्वतःच आनंदाने अंगावरून हात फिरवीत तथागतांची स्तुती करू लागला. राजाने एका दिवसात आहार तोडला नाही, क्रमाक्रमाने उतरविला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. जीवाणूंचेही तसेच आहे, त्यांना बदल हळूहळू मानवतो.

आमच्या घरी आता आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकर, रोज एक उसळ, आणि पावसाळ्यात बाजारात मिळतील त्या रानभाज्या असतात. आई आहे, तिला सगळ्या ओळखता येतात. मुलीने त्यांची नावे वहीत लिहून घेतली आहेत. अम्लपित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सुटली. बद्धकोष्ठ पूर्ण गेले असे म्हणणार नाही, बैठे काम आहे, पण इसबगोलचा डबा महिनोन् महिने पुरतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पोटाचा प्रत्येक त्रास आहाराने बरा होत नाही. जठरातील व्रणाचे कारण पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ साली त्यांना व डॉ. रॉबिन वॉरेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावर योग्य औषधयोजना आहे, भाकरीने तो जात नाही. शौचातून रक्त पडणे, शौच डांबरासारखे काळे होणे, कारण नसताना वजन घटणे, गिळताना अडकणे, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, किंवा चाळिशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना त्रास किती दिवसांपासून आहे ते लिहून न्यावे, आणि आजवर ज्या ज्या गोळ्या घेतल्या त्यांची रिकामी पाकिटे सोबत घ्यावीत.